सगळं नॉर्मल

ताप आला की थर्मामीटर लावता येतो. एकशे दोन असा आकडा सांगितला की घरातली माणसं आवाज खाली करतात, कपाळावर पट्ट्या ठेवतात आणि ऑफिसातून मुकाट रजा मिळते. पोटाला आकडा नाही. महिनोन् महिने पोट डब्ब राहतं, सकाळी घराबाहेर पडेपर्यंत दोन-तीनदा पळावं लागतं, जेवण झालं की बेंबीच्या डावीकडे कळ येऊन जाते. एवढ्या भांडवलावर रजा मागायला गेलो, तर साहेबांनी काल लग्नाला गेला होतात का, एवढंच विचारलं.

आपल्याकडे पोटाचं निदान फुकट मिळतं आणि न मागता मिळतं. छातीत दुखतंय म्हटलं तर लोक गाडी काढतात. पोटात दुखतंय म्हटलं तर खुर्ची ओढून बसतात. आत्याच्या मते दोष रात्रीच्या दह्याचा. शेजारच्या काकांना मी उभ्यानं पाणी पितो ते फार दिवसांपासून खुपत होतं, त्यांना आयतंच कारण मिळालं. मेहुण्यानं बेकरीचे पाव धरले. एका मावशींनी सरळ सांगितलं, ‘‘बेंबी सरकलीय रे तुझी,’’ आणि पोटावर पेटती पणती ठेवून वर तांब्या पालथा घालणाऱ्या बाईंचा पत्ता दिला. एकालाही शंका म्हणून नव्हती. शंका फक्त मला होती, आणि पोट माझं असल्यामुळे माझ्या मताला तिथे किंमत नव्हती.

आमच्या फॅमिली डॉक्टरांचा तपासणीचा पलंग आणि बाहेरची बाकं यांच्यामध्ये एक फुलाफुलांचा पडदा आहे. डॉक्टरांचा आवाज जुन्या शाळामास्तरांचा. ‘‘संडासला कशी होते? घट्ट की पातळ? चिकट? फेस असतो का?’’ मी शक्य तितक्या हळू उत्तरं देत होतो आणि ते ती मोठ्यानं पुन्हा उच्चारून कागदावर लिहीत होते. बाहेर आलो तेव्हा बाकावरच्या ओळखीच्या बाईंनी माझ्याकडे अपार सहानुभूतीनं पाहिलं. गोळ्या संपेपर्यंत बरं वाटलं, गोळ्या संपल्या आणि पोट मूळपदावर आलं.

मग वैद्य झाले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, झोपेची चौकशी केली आणि ढेकर आंबट येतो की करपट, हे फार बारकाईनं विचारलं. त्यांच्या मागच्या कपाटात ‘माधवनिदान’ होतं. माधवकरांच्या या ग्रंथात उपचार नाहीत, केवळ रोग ओळखायचे कसे एवढंच आहे. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी एका माणसाला नुसत्या निदानावर अख्खा ग्रंथ लिहावासा वाटला, म्हणजे तेव्हाही लोक ‘पण मला झालंय तरी काय’ हेच विचारत दारात बसत असणार. वैद्यांनी ग्रहणी सांगितली. नाव मिळालं म्हणून मी खूश होतो, तोवर घरच्यांनी मोठ्या दवाखान्याची वेळ घेतली.

तिथल्या पोटविकारतज्ज्ञांच्या भिंतीवर एक तक्ता होता. वाट पाहणारे सगळे रुग्ण त्या तक्त्याकडे न पाहण्याची कसोशीनं काळजी घेत होते. इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरच्या डॉक्टरांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेलं हे मलाचं वर्गीकरण. एकूण सात प्रकार, चित्रांसह. पहिला म्हणजे सुट्या कडक लेंड्या, सातवा म्हणजे निव्वळ पाणी, आणि तीन-चार नंबरचं ज्याला होतं तो भाग्यवान. हसू येतं खरं, पण त्या तक्त्यानं माझी मोठी सोय केली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी फक्त ‘‘सहा, कधी कधी पाच,’’ एवढंच म्हणालो. अखेर मलाही आकडा मिळाला होता.

हे डॉक्टर वयानं माझ्या भाच्याएवढे, पण त्यांनी ऐकून घेतलं. ‘‘काका, वजन उतरलंय? रक्त पडतं? पोटदुखीनं रात्री झोपेतून जाग येते? घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता?’’ प्रत्येक ‘नाही’ला ते पेनानं एक बारीक रेघ मारत होते आणि त्या रेघेगणिक माझा जीव भांड्यात पडत होता. तरी वय पाहता दोन्ही बाजूंनी दुर्बीण घालून पाहू, असं ठरलं.

दुर्बिणीचं कुणाला भय वाटत असेल तर सांगतो, भ्यायचंच असेल तर आदल्या रात्रीला भ्यावं. पोट साफ व्हावं म्हणून प्यायचं, लिंबाचा खोटा वास असलेलं ते खारट पाणी जगभर भरून राहिल्यासारखं वाटतं. कितीही प्यालं तरी जग तेवढंच भरलेलं. ते संपलं की माणूस घरातल्या एकाच खोलीचा रहिवासी होतो. सकाळी घशात फवारा मारून डाव्या कुशीवर निजवतात, दातांत प्लॅस्टिकची कडी अडकवतात, आणि पुढचं इंजेक्शनच्या कृपेनं फारसं आठवत नाही.

कुशीवर निजताना मला बॅरी मार्शल आठवले. अल्सर मानसिक ताणामुळे आणि ॲसिडमुळे होतो, असं सगळं वैद्यक जग मानत असताना पर्थमधले हे डॉक्टर आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन सांगत होते, की यामागे जंतू आहे. कुणी मनावर घेईना. १९८४ साली मार्शलनी जंतूंचं कालवण स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला घाण वास. आणि दुर्बिणीतून पाहिलं तर जठराला सूज. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. स्वतःच्या पोटाबद्दल कुणी विश्वास ठेवत नसेल तर माणूस कुठवर जातो, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

माझ्या जठरात तो जंतूही निघाला नाही. रिपोर्टवर रंगीत फोटो होते, गुलाबी, तुळतुळीत, एखाद्या बाळाचे असावेत असे. आणि खाली ‘नॉर्मल’. घरी पेढे आणायचे बाकी होते. मी मात्र तो कागद हातात धरून जरा खट्टूच झालो. काहीतरी निघायला हवं होतं असं नाही, पण मग इतके दिवस कळ कुणाला येत होती?

चार्ल्स डार्विनची आठवण इथे फार उपयोगी पडते. हा माणूस बोटीच्या लांबलचक सफरीवरून परतल्यावर जन्मभर पोटानं बेजार होता: उलट्या, गॅस, थकवा. १८४९ साली तो माल्व्हर्नला डॉक्टर गली यांच्याकडे गार पाण्याचे उपचार घ्यायला गेला आणि पुढची काही वर्षं त्यानं प्रकृतीची रोजनिशी ठेवली, तीत पोटातल्या वायूचीही नोंद. सजीवसृष्टीची वंशावळ त्यानं उलगडली, पण त्याला स्वतःला काय झालं होतं यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात.

तज्ज्ञांनी अशा पोटांसाठी शेवटी नियमच केले. रोम निकष म्हणतात त्यांना. चौथी आवृत्ती २०१६ची. गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटात दुखणं, त्याचा शौचाशी किंवा त्यातल्या बदलांशी संबंध असणं, आणि सुरुवात निदान सहा महिन्यांपूर्वीची. बसलं त्यात, तर आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, चिडकं आतडं. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून जास्त चेतापेशी असतात आणि त्यांचं मेंदूशी सतत बोलणं चालतं. ते बोलणं बिघडतं, आतडं दिसायला मात्र ठणठणीत. ‘‘म्हणजे काका, आम्ही दुर्बिणीनं जे शोधत होतो ते तुम्ही पहिल्याच दिवशी तोंडानं सांगितलं होतं,’’ डॉक्टर म्हणाले. हे वाक्य मी घरी जरा वाढवून सांगितलं.

उपचारांत आहारतज्ज्ञ बाई आल्या. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात बेतलेला एक आहार आहे: कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध वगैरे काही आठवडे बंद, मग एकेक परत आणून पाहायचं. यादी वाचून बायको म्हणाली, ‘‘अहो, हा तर चातुर्मास. ऑस्ट्रेलियाला कशाला विचारायला हवं?’’ कांद्याऐवजी हिंग चालेल, असं त्यात होतं. तिनं डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचली. घटक: मैदा, डिंक, हिंग. पोटावरच्या उताऱ्यातच संशयित बसलेला पाहून तिला झालेला आनंद वर्णन करण्यापलीकडचा होता. मग खडा हिंग आणला.

सध्या आम्ही कांद्याच्या फेरचाचणीवर आहोत. आहारतज्ज्ञ बाईंनी एका वेळी एकच पदार्थ, तोही थोडा, असं बजावलं होतं. पण परवा पाऊस आला आणि घरात भजी झाली. रात्री कळ आली, तेव्हा वहीत काय लिहायचं यावरून आमचा वाद झाला. मी बेसन म्हणतोय. बायको तेल म्हणतेय. आत्यानं फोनवरून दह्याचं विचारलं. कांद्याला मात्र, गेले दोन दिवस, घरात कुणीही काही बोललेलं नाही.