हवा धरली!

नवा ट्रॅक्टर शोरूममधून निघून गावच्या वेशीवर येतो, त्याच्या आधी तात्या तुमच्या ओट्यावर येऊन बसलेले असतात. यांना खबर कोण देतं ते आजवर कुणाला कळलेलं नाही. तुमच्याकडे त्यांना आप्पा म्हणत असतील, नाना म्हणत असतील, पण माणूस तोच. सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर, पायजम्याला ग्रीसचा जुना डाग, आणि चेहऱ्यावर 'घेतलात ना शेवटी मला न विचारता' असा भाव. मेकॅनिक म्हटलेलं त्यांना खपत नाही. मेकॅनिक पैसे घेतो. तात्या फक्त चहा घेतात, तोही इंजिन उघडल्यानंतर, काळ्या हातांनी. त्या कपाला नंतर घरातलं कुणी तोंड लावत नाही.

आमचे तात्या निफाड तालुक्यातले. द्राक्षाचा मुलूख. इथे मोठा ट्रॅक्टर कामाचा नाही. दोन ओळींमध्ये जेमतेम नऊ फूट, वर तारा, बाजूला अँगल. त्यामुळे घरोघरी छोटा ट्रॅक्टर, मागे पाचशे-सहाशे लिटरचा ब्लोअर, आणि गोडी छाटणी झाली की फवारण्यांवर फवारण्या. जवळच ओझर. तिथल्या कारखान्यात मिग विमानं तयार झाली आणि तात्यांचे साडू तिथल्या कँटीनला होते. एवढ्या पुंजीवर तात्यांनी इंजिन या विषयातला अखेरचा शब्द आपल्याकडे ठेवून घेतला आहे.

माझ्या धाकट्या भावाचं महाडीबीटीच्या सोडतीत नाव लागलं आणि दसऱ्याला अनुदानाचा छोटा ट्रॅक्टर दारात आला. हार झाला, नारळ झाला, चाकाखाली लिंबू झालं. हळदी-कुंकवाचं ताट तात्यांनी वहिनींच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं. बॉनेटला बोटं उठवली, स्टेअरिंगला उठवली, आणि "पोटाची पूजा पहिली!" असं म्हणत डिझेलच्या टाकीच्या झाकणावर चांगलं घसघशीत लिंपण केलं. (हे लिंपण लक्षात असू द्या.) मग भावानं चावी फिरवली. ट्रॅक्टर गप्प. पुन्हा फिरवली. पुन्हा गप्प. जमलेल्या पाहुण्यांत एक हलकासा 'अरेरे' पसरला, तसे तात्या उठले.

वैद्यानं नाडी बघावी तशी त्यांनी दोन बोटं बॉनेटवर ठेवली. डोळे मिटले. ट्रॅक्टर बंद होता, त्यामुळे ऐकण्यासारखं काहीच नव्हतं, पण त्यांनी ऐकलं.

"हवा धरली," तात्या म्हणाले. आणि मग, "बाराचा पाना आण."

ही दोन वाक्यं म्हणजे तात्यांचं सगळं यंत्रशास्त्र. यातलं पहिलं निदान आणि दुसरं उपचार.

आता खरं सांगायचं तर डिझेल इंजिन हवा धरतं, यात खोटं काही नाही. टाकी पार कोरडी पडू दिली किंवा फिल्टर बदलताना वायसर वाकडा बसला की नळीत बुडबुडे शिरतात. डिझेल दाबलं तर दबत नाही, हवा दबते. पंपाचा सगळा जोर त्या बुडबुड्यातच जिरतो आणि नोझलला थेंब पोचत नाही. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, हातपंप मारत राहायचं, फेसाळ डिझेल वाहू द्यायचं, आणि फेस जाऊन सलग धार लागली की आवळायचं. पाच मिनिटांचं काम. पण त्या आजारात स्टार्टर घुर्र घुर्र फिरतो आणि इंजिन पकडत नाही. इथे तर स्टार्टरच फिरत नव्हता. म्हणजे गडबड डिझेलची नव्हती, विजेची होती. हा फरक दहावीतल्या पुतण्याला कळत होता. तात्यांना तो सांगायची त्याची हिंमत झाली नाही, इतकंच.

बॉनेट उघडलं. स्क्रू निघाला. नव्या कोऱ्या ट्रॅक्टरचं डिझेल झेंडूच्या हारावरून ओघळत खाली रांगोळीत उतरलं. तात्या हातपंप मारताहेत, धार बघताहेत, "बघा, बघा कसा फेस येतोय" म्हणताहेत. फेस कुणालाही दिसत नव्हता. तोवर पुतण्यानं सीटखालचं पुस्तक काढून चार पानं वाचली. पीटीओचा दांडा गुंतलेला असला की या ट्रॅक्टरचा स्टार्टर फिरतच नाही. चालू करता करता मागचा शाफ्ट गरकन फिरून कुणाचं धोतर, कुणाचा पदर ओढला जाऊ नये म्हणून कंपनीनं तसा बंदोबस्त केलेला असतो. पूजेच्या गर्दीत सीटवर चढलेल्या कुठल्या तरी पोरानं तो दांडा खेचून ठेवला होता. पुतण्यानं तो जागेवर सारला, क्लच दाबला, चावी फिरवली. ट्रॅक्टर सुरू.

तात्यांनी पायजम्याला हात पुसले. "हवा काढली म्हणून लागला," ते म्हणाले. पाहुण्यांनी माना डोलावल्या. पुतण्या अजून त्या धक्क्यातून सावरलेला नाही.

त्यानंतर लिफ्ट थरथरायला लागली. मागचं अवजार अर्ध्यात उचलायचं आणि अंगात आल्यागत कापायचं. हायड्रोलिकचं तेल कमी होतं. तात्या म्हणाले, तेलानं हवा धरली. फवारणी करताना काटा लालमध्ये गेला. रेडिएटरच्या जाळीत वाळका पाला आणि धूळ घट्ट बसली होती, ब्रशनं झाडली की काम संपलं. तात्या म्हणाले, पाण्यानं हवा धरली. धूर काळा यायला लागला, एअर क्लीनर चोंदला होता, तेव्हा तर त्यांचा आनंद गगनात मावेना, कारण आजाराच्या नावातच एअर होती. वैताग या गोष्टीचा की माणूस पूर्ण खोटाही पाडता येत नाही. डिझेलमध्ये हवा शिरते, तेलात शिरते, पाण्यातही शिरते. भविष्य सांगणाऱ्यांना 'पाण्यापासून जपा' या वाक्यानं जन्मभर जगवलं आहे; तात्यांची हवा त्याच्या वरची. एकदाच ते गडबडले. पुढचं टायर पंक्चर झालं तेव्हा. तिथे हवा सुटली होती, आणि हा प्रकार त्यांच्या शास्त्रात बसत नव्हता. चहा न घेता गेले.

हळूहळू निदानाची व्याप्ती ट्रॅक्टरबाहेर गेली. कुणाचं ठरत आलेलं लग्न मोडलं, तात्या: मुलाच्या बापानं हवा धरली. द्राक्षाला भाव मिळेना, तात्या: मार्केटनं हवा धरली. सरपंच निवडून आला आणि फोन उचलेना, तेव्हाही तात्यांनी तेच सांगितलं, आणि पहिल्यांदाच सगळ्या गावाचं त्यांच्याशी एकमत झालं.

कंपनीचा मेकॅनिक म्हणजे यांचा हाडवैरी. तो मोटरसायकलवर येतो, पाठीला सॅक, आणि ट्रॅक्टरकडे न बघता आधी तासांचं मीटर बघतो. पन्नास तासांची पहिली सर्व्हिस झाली का? झाली. तेल, फिल्टर बदलले का? बदलले. मग तो तुटलेल्या भागाकडे वळतो आणि म्हणतो, "हे वॉरंटीत बसत नाही." त्याचंही शास्त्र एकाच वाक्याचं, फक्त बिल छापील. दोघं समोरासमोर आले की ऐकत राहावं. तात्या म्हणणार हवा धरली, तो म्हणणार बसत नाही, आणि मधे ट्रॅक्टर जसाच्या तसा उभा.

एकदा शेजारच्या वस्तीवर मोठा ट्रॅक्टर आला. पन्नास हॉर्सपॉवरच्या वरचा. २०२३ पासून या वरच्या गटाला प्रदूषणाचे नवे नियम लागले. आत सेन्सर, वायरींचं जाळं, डिझेल किती सोडायचं हे ठरवणारा संगणक. तात्यांनी बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं. दोन बोटं ठेवायला जागा शोधली. मग बॉनेट हळूच लावलं आणि म्हणाले, "याला आपला पाना लागत नाही." पुढचे काही दिवस ते आमच्याच ट्रॅक्टरभोवती घुटमळत होते. आमचा छोटा, जुन्या पद्धतीच्या पंपाचा. त्याला अजून बाराचा पाना लागतो.

दिवाळी झाली आणि अवकाळी आला. बाग फुलोऱ्यात. ज्यांनी द्राक्ष केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. घड रात्रभर ओले राहिले की डाऊनी बसते, आणि फुलोऱ्यात बसली की वर्ष गेलं. पाऊस मध्यरात्री थांबला. भावानं औषध कालवलं, ब्लोअर भरला, बागेत शिरला. ट्रॅक्टर थोडा चालला आणि गुदमरून बंद पडला. जरा वेळानं चावी फिरवली तर सुरू झाला, पुन्हा ओळीच्या मधोमध बंद. हेल्पलाइनवर गाणं वाजलं, मग तक्रार क्रमांक मिळाला. मेकॅनिक सकाळी निघणार होता, म्हणजे दुपारी पोचणार होता.

तात्या आले. कानटोपी, हातात बॅटरी, चिखलात बुडलेल्या चपला. कुणी बोलावलं नव्हतं. आम्ही पाना पुढे केला. त्यांनी घेतला नाही. बोटं ठेवली, इंजिन सुरू करायला लावलं, बंद पडू दिलं, पुन्हा सुरू करायला लावलं. आणि म्हणाले, "मला काही समजंना राव."

भाऊ मटकन ब्लोअरला टेकला. तात्यांना समजत नाही म्हणजे आता संपलंच.

डिझेल तरी आहे का बघू, म्हणून तात्यांनी टाकीचं झाकण फिरवलं. 'सुऽऽस' करून टाकीनं आत हवा ओढली. तात्या थबकले. झाकण लावलं, ट्रॅक्टर चालवायला लावला, बंद पडल्यावर पुन्हा उघडलं. पुन्हा सुऽऽस. त्यांनी झाकण बॅटरीच्या उजेडात धरलं. डिझेल खाली जाईल तशी टाकीत हवा यावी म्हणून त्याला एक बारीक भोक असतं. ते बुजलं होतं. दसऱ्याचं हळदकुंकू, त्यावर धूळ, त्यावर औषधाचा फवारा, त्यावर पाऊस. सगळ्याचा मिळून लांबी भरल्यासारखा थर झाला होता. आत हवाच जात नव्हती, म्हणून टाकी डिझेल सोडत नव्हती.

आमच्यापैकी कुणी हसलं नाही. पूजा कुणी केली होती ते सगळ्यांना आठवत होतं, तात्यांना सर्वांत जास्त. त्यांनी वहिनींकडून दाभण मागवून घेतला, भोक मोकळं केलं, झाकण पायजम्याला पुसून लावलं. मग भावाकडे न बघता म्हणाले, "मी बसू का थोडं?"

उजाडेपर्यंत तेच बसले. ओळीच्या टोकाला वळताना एका तारेला धक्का नाही, एका ओलांड्याला खरचटा नाही. पीटीओ पाचशे चाळीसला नेऊन ब्लोअरचा सूर एकसारखा धरायचा आणि त्याच वेळी गती कमी ठेवायची, हे भावाला अजून जमत नाही. त्यांना बघून तो पुतण्याला हळूच म्हणाला, बघून घे.

एकेकाळी तात्यांचाही स्वतःचा ट्रॅक्टर होता. मला हे माहीत होतं. भावानं पुढचं सांगितलं, ते नव्हतं. २०१४ च्या गारपिटीत त्यांची बाग झोपली, कर्ज थकलं, आणि काही वर्षांनी वसुलीवाले ट्रॅक्टर न्यायला आले. बरेच महिने उभा असल्यामुळे तो काही केल्या सुरू होईना. चालकानं चावी मारून मारून बॅटरी उतरवत आणली. शेवटी तात्याच घरातून बाराचा पाना घेऊन आले, स्क्रू ढिला केला, धार सलग येईपर्यंत पंप मारला आणि ट्रॅक्टर चालू करून त्यांच्या ताब्यात दिला. त्यानं खरोखरच हवा धरली होती.

मेकॅनिक दुपारी आला. झाकण पाहिलं आणि ते वॉरंटीत बसत नाही असं सांगून गेला. तात्यांनी पारावर 'हवेचाच मामला होता' एवढंच सांगितलं, आणि याला खोटं म्हणायची सोय नाही.

तेव्हा येत्या दसऱ्याला तुमच्याकडे ट्रॅक्टर येणार असेल तर एवढं करा. पीटीओचा दांडा मोकळा आहे ना ते बघा, पोरांना सीटवर चढू देऊ नका, पन्नास तासांची सर्व्हिस चुकवू नका, आणि डिझेलच्या झाकणाला कुंकू अजिबात लावू नका. ताटात उरलेलं तात्यांना लावा.