एकोणतिसाव्या दिवसाचे झाकण

ब्रिटनमध्ये दिव्यांग नवरा-बायकोपैकी एकाला सरकारी रुग्णालयात दाखल केले, की त्याचे दिव्यांगत्व 28 दिवस टिकते. एकोणतिसाव्या दिवशी पाय चालत नाहीत ते नाहीतच, हात थरथरतो तो थरथरतोच. पण ‘पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट’ ऊर्फ पिप या भत्त्याचे दोन्ही भाग थांबतात. एक भाग रोजच्या मदतीचा, दुसरा हिंडण्याफिरण्याचा. 2025-26 च्या दराने वरच्या श्रेणीत हे आठवड्याला 110.40 आणि 77.05 पौंड होतात. म्हाताऱ्यांच्या अटेंडन्स अलाउन्सलाही हाच नियम लागू आहे. हक्क शाबूत राहतो, फक्त पैसे मिळत नाहीत. हा फरक भत्ते देणाऱ्या सरकारी खात्यातल्या माणसाला चटकन समजतो. विजेचे बिल पाठवणाऱ्याला तो समजावून सांगावा लागतो.

दिवस मोजण्याचे शास्त्र स्वतंत्र आहे. दाखल झाल्याचा दिवस धरत नाहीत, घरी सोडल्याचाही धरत नाहीत. शनिवार-रविवारसाठी शुक्रवारी संध्याकाळी घरी आलेला आणि सोमवारी सकाळी वॉर्डात परतलेला रुग्ण शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार असा चार दिवस पुन्हा दिव्यांग होतो आणि त्या चार दिवसांचे पैसे रोजाच्या हिशेबाने मिळतात. दोन मुक्कामांच्या मध्ये 28 किंवा त्याहून कमी दिवस घरी काढले असतील, तर दोन्ही मुक्कामांची बेरीज होते. म्हणजे 20 दिवस राहून घरी आलेला माणूस तीन आठवड्यांनी पुन्हा पडला, तर आठ दिवसांत त्याचा कोटा संपतो. नवी पाटी हवी असेल तर 29 दिवस घरी धडधाकट राहून दाखवायचे. ज्याचा हक्कच मुळी रुग्णालयात असताना सुरू होतो, त्याला पहिल्या दिवसापासून काही नाही. डिस्चार्ज मिळेपर्यंत थांबायचे.

आता जोडीदार. नवरा दाखल आहे आणि बायको त्याची काळजीवाहू आहे, असे धरू. आठवड्याला किमान 35 तास काळजी घेतल्याबद्दल तिला केअरर्स अलाउन्स मिळतो, 2025-26 मध्ये 83.30 पौंड. नवऱ्याचा रोजच्या मदतीचा भाग थांबला, की तिचाही भत्ता त्याच्यामागोमाग थांबतो. यामागचे तत्त्व असे की, एका गरजेसाठी सरकारने दोनदा पैसे मोजू नयेत. रुग्णालयात खाट सरकारची, जेवण सरकारचे, नर्स सरकारची. मग वर भत्ता कशाला?

हे तत्त्व तपासून पाहायला दुपारचे जेवण सोयीचे पडते. वॉर्डात ट्रे येतो. ट्रेवर दह्याची छोटी डबी असते आणि डबीवर घट्ट चिकटवलेले चकचकीत झाकण. त्याचे एक इवलेसे टोक बाहेर आलेले असते. ते दोन बोटांच्या चिमटीत धरून मागे सोलायचे असते. ज्याच्या बोटांत चिमटीचा जोर उरलेला नाही, त्याच्या दृष्टीने ती बँकेची तिजोरी आहे. ट्रे ठेवणारी बाई पुढच्या खाटेकडे गेलेली असते, नर्स पलीकडच्या खाटेवरच्या सलाइनमध्ये अडकलेली असते. अर्ध्या तासाने डबी होती तशीच परत जाते आणि जेवणाच्या तक्त्यावर ‘रुग्णाने खाल्ले नाही’ एवढे चढते. म्हणून बायको दोन बस बदलून ट्रेच्या आधी येऊन बसते आणि झाकण सोलते. अठ्ठाविसाव्या दिवशी तिने सोललेले झाकण ही काळजी असते. एकोणतिसाव्या दिवशी तेच झाकण, त्याच बोटांनी, त्याच वेळेला सोलले तर ती भेट असते. त्या दिवसापासून झाकण सोलण्याची गरज सरकारने भागवली आहे, असे कायदा गृहीत धरतो. त्यामुळे तिने हात लावणे म्हणजे खरे तर सरकारी कामात ढवळाढवळ. शिस्तीने वागायचे तर तिने हात मांडीवर ठेवून सरकारची वाट पाहायला हवी. सरकार येत नसेल तर प्रत्येक खाटेशेजारी एक कारकून बसवावा, त्याने कॅलेंडर पाहावे आणि एकोणतिसाव्या दिवशी ट्रे येताच खिशातून सरकारी चिमटा काढावा. तेही परवडत नसेल तर चार आठवडे पूर्ण झालेल्यांना झाकणाशिवायचेच दही पाठवावे. मग श्रवणयंत्राचा सेल बदलणे, घरी नेऊन पायजमे धुणे, कुठले औषध बाधते ते नव्या डॉक्टरला नव्याने सांगणे, रात्री पाणी पिता यावे म्हणून पेला उजव्या हाताशी सरकवणे, या सगळ्यांसाठीही कारकून नेमावे लागतील आणि त्यांचा पगार आठवड्याला 83.30 पौंडांत नक्की बसणार नाही. ज्या टेबलावर हा नियम तयार झाला, त्या टेबलावर मोजे घालून एकेक डबी उघडायला दिली असती, तर नियम तिथेच मेला असता. इतकी साधी गोष्ट कळत नसलेल्यांनी लोकांच्या संसाराचे हिशेब मांडावेत, याची चीड न येणाऱ्याने आधी स्वतःची नाडी तपासून घ्यावी.

उलट प्रसंगाचा नियम अधिक उदार आहे. आजवर नेमाने काळजी घेत आलेली बायको स्वतःच दाखल झाली, तर तिचा केअरर्स अलाउन्स 26 आठवड्यांच्या काळात 12 आठवड्यांपर्यंत चालू राहू शकतो. मात्र घरी नवऱ्याचा भत्ता चालू असला पाहिजे. थोडक्यात, काळजी घेणारी खाटेवर पडून राहिली तर 12 आठवडे, खाटेशेजारी उभी राहून राबली तर चार. यावरून खाते विश्रांतीला किती मान देते ते दिसते.

पेन्शन क्रेडिट ही कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांची पूरक मदत घेणाऱ्या जोडप्याचे गणित आणखी निराळे. दोघांनाही अटेंडन्स अलाउन्ससारखा भत्ता मिळत असेल आणि त्यांच्यासाठी कुणी केअरर्स अलाउन्स घेत नसेल, तर तीव्र दिव्यांगत्वाची जादा रक्कम दुप्पट दराने मिळते. एकजण 28 दिवसांहून जास्त रुग्णालयात राहिला, की ती एकपट होते. ती साफ बुडू नये म्हणून कायदा असे धरतो की, दाखल झालेल्याचा थांबलेला भत्ता थांबलेलाच नाही. हातात द्यायचा असतो तेव्हा भत्ता बंद, हिशेबात धरायचा असतो तेव्हा चालू.

युनिव्हर्सल क्रेडिट ही कामाच्या वयातल्या कमी उत्पन्नाच्या लोकांची मदत घेणाऱ्यांच्या बाबतीत तर खाते थेट लग्नात हात घालते. एक जोडीदार सहा महिन्यांहून जास्त काळ घराबाहेर राहिला, किंवा राहील असे दिसले, की दोघे हिशेबापुरते जोडपे राहत नाहीत. त्यांना दोन एकट्या माणसांसारखे अर्ज करावे लागतात. 2025-26 मध्ये पंचविशी ओलांडलेल्या जोडप्याची मूळ रक्कम महिन्याला 628.10 पौंड, एकट्याची 400.14. दोन एकटे मिळून 800.28. सरकारने मोडलेला संसार चालत्या संसारापेक्षा महाग पडतो आणि तो खर्च खाते तक्रार न करता सोसते.

खासगी रुग्णालयात सगळा खर्च स्वतः करणाऱ्याचा पिप मात्र एकोणतिसाव्या दिवशीही चालू राहतो. तत्त्व इथे तंतोतंत पाळले आहे: सरकारने एकदाही जेवण दिलेले नाही. ज्याला खासगी खोली परवडते त्याला भत्ता, ज्याला परवडत नाही त्याला न उघडलेले दही.

हा नियम बदलताच येत नाही, असे मुळीच नाही. पूर्वी रुग्णालयातला मुक्काम लांबला की सरकारी पेन्शनही कापत; 2006 च्या एप्रिलमध्ये ते बंद झाले आणि खजिना बुडाला नाही. मुलांचा दिव्यांगत्व भत्ता 84 दिवसांनी थांबत असे. रुग्णालयातही आईबापांना राबावेच लागते, हे 2015 मध्ये न्यायालयात मान्य झाले आणि पुढच्या वर्षी नियम बदलला. आता अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी दाखल झालेल्याचा भत्ता त्या मुक्कामात थांबत नाही. अठरावा वाढदिवस उलटल्यावर दाखल झालेल्याला पुन्हा तेच 28 दिवस. आईने उघडलेले झाकण न्यायालयाला दिसले. बायकोने उघडलेले अजून दिसायचे आहे.

तोवर जोडप्याने एवढे करावे. दाखल झाल्याची तारीख खात्याला लगेच कळवावी, कारण न कळवता जास्त मिळालेले पैसे परत मागितले जातात. मधल्या सुट्टीचे दिवस लिहून ठेवावेत. घरी आल्याची तारीखही स्वतःच कळवावी. दिव्यांगत्व सुरू झाल्याचे खात्याला आपोआप कळत नाही. संपल्याचे मात्र, दाखल झाल्याचे एकदा कळवले की, अठ्ठाविसाव्या दिवशी बिनचूक लक्षात राहते.