मुक्काम वैराग, तालुका बार्शी

सोलापूर-बार्शी रस्त्यावर वैराग अशा मोक्याच्या जागी वसले आहे, की माढा, मोहोळ, धाराशिव किंवा तुळजापूर यांपैकी कोठेही जावयाचे असले तरी प्रवाशाला येथे क्षणभर थांबून आपल्या प्रारब्धाचा विचार करण्याची मुभा मिळते. १८९७ साली कॅलथ्रॉप नामक साहेबाने आपली अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीच्या बाजूने बार्शीत आणली, पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरज अशी सर्व दिशांना फिरली. वैरागकडे मात्र तिने ढुंकूनही पाहिले नाही. त्यामुळे या गावाचे सर्व दळणवळण रस्त्यावर आणि सर्व न्यायदान बसस्थानकासमोरील चहाच्या टपरीवर चालते. ग्रामदैवत संतनाथमहाराजांचे स्मरण करीत मी माढ्याच्या गाडीची प्रतीक्षा करीत असता त्या न्यायासनासमोर माझी पुकार झाली.

"पावनं, नगरची कुस्ती बघितली का?"

प्रश्नकर्ते आबा होते. डोईस फेटा, दोन्ही कान तालमीच्या मातीत कधीकाळी चुरगळून गेलेले, आणि आवाज असा की हलगीवाल्याने शरमेने हलगी खाली ठेवावी. त्यांच्या उजव्या हातास एक सेवानिवृत्त मास्तर होते, ज्यांच्यापाशी सर्व सनावळी मुखोद्गत होती. डाव्या हातास दोन तरुण होते, ज्यांच्यापाशी मोबाइल होता. आणि टपरीवाला हा या कचेरीचा शिरस्तेदार असून कोणती बाब तहकूब करावयाची व कोणती पुढे घ्यावयाची, याचा निर्णय तो चहाच्या उधारीच्या मानाने करीत असे.

नगरची, म्हणजे अहिल्यानगरची, महाराष्ट्र केसरी स्पर्धेतली ती कुस्ती २ फेब्रुवारी २०२५ ची. गादी विभागात शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांची गाठ पडली, पंचांनी राक्षेला चितपट ठरविले, आणि आपले खांदे टेकलेच नाहीत अशी कैफियत मांडता मांडता त्या दांडग्या पैलवानाने पंचांची गचांडी धरून त्यांना लाथ हाणली. तेवढ्याने दिवस संपला नाही. अंतिम लढतीत माती विभागातून आलेला आपल्या सोलापूर जिल्ह्याचा महेंद्र गायकवाड गुणाच्या वादावरून, अवघे काही सेकंद उरले असता, आखाडा सोडून चालता झाला, आणि मोहोळांच्या खांद्यावर गदा आली. कुस्तीगीर संघाने राक्षे व गायकवाड या दोघांवरही तीन वर्षांच्या बंदीचा हुकूम काढला. हे दोघे पुण्यात काका पवारांच्या तालमीतले गुरुबंधू. २०२३ च्या जानेवारीत कोथरूडला याच गदेसाठी ते एकमेकांसमोर उभे ठाकले होते आणि राक्षेने मिनिटभराच्या आत निकाल लावला होता. त्या वेळी एकाने मिळविले आणि दुसऱ्याने गमावले. या वेळी जे मिळाले ते दोघांना समसमान मिळाले, याबद्दल मास्तरांनी समाधान व्यक्त केले.

लाथेच्या प्रकरणी मतभेद नव्हता. पंचावर पाय उचलणे हा गुन्हा आहे, हे सर्वांनी एकमुखाने मान्य केले; परंतु मान्य करताना प्रत्येकाच्या मुद्रेवर, आपल्याही आयुष्यात असा एखादा पंच येऊन गेल्याची पुसट आठवण तरळून गेली, हे मी नमूद केलेच पाहिजे.

"लाथ चुकली, लगा," आबा म्हणाले, "पर खांदा टेकला न्हवता."

"टेकला व्हता, आबा! ह्ये बघा की," असे म्हणून एका तरुणाने मोबाइल पुढे केला. आबांनी तो यंत्राचा तुकडा परतवून लावला. बोटभर पडद्यावर मनुष्याचा खांदा मावत नाही, हा त्यांचा सिद्धांत होता.

या जिल्ह्याच्या अभिमानाचे हिशेब फार गुंतागुंतीचे आहेत. २०१८ साली जालन्यास गदा जिंकणारा बाला रफिक शेख करमाळा तालुक्यातला, म्हणून तो आपला. २०२३ च्या नोव्हेंबरात फुलगावला राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत अस्मान दाखविणारा सिकंदर शेख मोहोळचा, म्हणून तोही आपला. परंतु त्याच वर्षीच्या जानेवारीत सिकंदर आणि महेंद्र हे दोघे आपलेच परस्परांस भिडले, बाहेरच्या टांगेवर महेंद्रला चार गुण बहाल झाले, आणि त्या चार गुणांनी आजतागायत या टपरीवरील दोन घरांत सोयरीक होऊ दिली नाही, असे मला शिरस्तेदाराने कानात सांगितले. आबांनी याहून व्यापक दृष्टी स्वीकारली होती. पृथ्वीराज मोहोळ हा मोहोळचा, म्हणजे येथून हाकेच्या अंतरावरचा, अशी त्यांची निष्ठापूर्वक धारणा असून, ते पुण्याकडचे आडनाव आहे आणि गदा ज्यांच्या स्मरणार्थ देतात ते मामासाहेब मोहोळही तिकडचेच, हे मास्तरांनी कित्येकदा सप्रमाण सिद्ध केल्यावरही आबांनी तो जिंकलेला मुलूख सोडला नव्हता. खांदा टेकला नव्हता आणि तरीही मोहोळचा पोरगा जिंकला, ही दोन्ही मते एकाच फेट्याखाली सुखाने नांदत होती.

मग मोसमाचा ताळेबंद निघाला. राज्यात दोन प्रतिस्पर्धी संघटना झाल्यापासून महाराष्ट्र केसरीही दोन होऊ लागले आहेत. २०२३ च्या एकाच नोव्हेंबरात फुलगावला सिकंदर केसरी झाला, आणि त्याने चीत केलेला राक्षे थोड्याच दिवसांत धाराशिवला जाऊन केसरी झाला. २०२५ मध्ये तर अहिल्यानगरची स्पर्धा फेब्रुवारीत सदुसष्टावी म्हणून झाली, आणि त्याच जिल्ह्यात कर्जतला मार्चमध्ये झाली ती सहासष्टावी. ती जिंकणारा वेताळ शेळके सोलापूर जिल्ह्याचाच, त्यामुळे कालगणना उलटी फिरल्याची तक्रार येथे कोणी केली नाही. जिल्ह्याचा लाभ होत असेल तर पंचांगाने थोडे मागे सरकण्यास वैरागची हरकत नसावी.

खरी रंगत आली ती जुन्या मल्लांचा विषय निघाल्यावर. १९७७ साली बेळगावात हरिश्चंद्र बिराजदारांनी दिल्लीच्या सतपालला चीत केले, ती कुस्ती आबांनी 'ह्या डोळ्यांनी' पाहिली होती. ती 'ह्या डोळ्यांनी' पाहिलेली इतकी माणसे मला या मुलुखात भेटली आहेत, की त्या दिवशी बेळगावात गावकऱ्यांना उभे राहण्यास जागा कशी उरली असेल, याचे कोडे मला उलगडत नाही. आबांच्या साक्षीनुसार त्या पिढीतील कोणत्याही पैलवानाने पंचाकडे मान वर करून पाहिले नाही, कधी नुरा कुस्ती केली नाही आणि बदाम, तूप व आईचा आशीर्वाद यांखेरीज काही पोटात घातले नाही. मला वाटते, मल्लाचे अपराध त्याच्या वयाच्या व्यस्त प्रमाणात असतात: पंचविशीत तो उर्मट, चाळिशीत वस्ताद, आणि सत्तरीत त्याच्या फोटोला हार घालताना त्याच्या नावावर एकही तक्रार शिल्लक राहत नाही. विजय चौधरी २०१४ पासून ओळीने तीनदा गदा जिंकून पोलीस उपअधीक्षक झाले, त्यांना तर हे पावित्र्य सरकारी शिक्क्यासह लवकर प्राप्त झाले. त्यांच्या आधी २०११ ते २०१३ ही तीन वर्षे गाजविणाऱ्या नरसिंग यादवांचे प्रकरण अद्याप कोवळे आहे. २०१६ साली रिओला, लढत एका दिवसावर आली असता, उत्तेजकाच्या आरोपावरून क्रीडा लवादाने त्यांना चार वर्षांची बंदी घातली. आपल्या अन्नात कोणीतरी कालवले, ही त्यांची फिर्याद लवादाने फेटाळली. वैरागने ती दाखल करून घेतली असून टपरीवाला, खाद्यपदार्थांचा तज्ज्ञ या नात्याने, तिच्या बाजूने ठाम आहे.

इतक्यात खांद्याच्या मूळ मुद्द्यावर प्रात्यक्षिक करण्याची टूम निघाली. एक तरुण राक्षे झाला, दुसरा मोहोळ, आणि फलाटाच्या शहाबादी फरशीवर त्यांनी असा काही डाव टाकला की शेंगदाण्याची एक पाटी धारातीर्थी पडली. राक्षे पाठीवर आला. आबा एका बाजूने गुडघ्यांवर बसले, मास्तर चष्मा सावरीत दुसऱ्या बाजूने वाकले, आणि दोघांनी एकाच क्षणी एकाच खांद्याविषयी परस्परविरुद्ध निकाल जाहीर केले. मधल्या काळात माढ्याची गाडी लागली होती. तिचे उतारूही खाली उतरून कडे करून उभे राहिले, आणि त्यांना हाकण्यास आलेल्या कंडक्टरलाच सर्वानुमते पंच नेमण्यात आले. त्यांनी तिकिटांचे यंत्र काखेत मारले, वाकून दोन बोटे खांद्याखाली घालून पाहिली आणि म्हणाले, "टेकला."

"गाव कुठलं तुमचं?" राक्षे फरशीवरूनच गरजला.

"मोहोळ."

"बघा, आपलाच मानूस!" आबांना निकाल विरुद्ध गेल्याचे भान राहिले नाही, त्यांनी कंडक्टरला मिठी मारली. मास्तरांनी मात्र पंच एका पक्षाचा असल्याबद्दल लेखी हरकत नोंदविण्याचा आग्रह धरला, आणि गाडी हलली तेव्हा टपरीवाला त्याकरिता उधारीच्या वहीतले कोरे पान शोधीत होता.