बारा व्होल्टचा गारवा

वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर माझ्या थोरल्या भावाने एक जुनी मिनीबस घेतली, आतल्या सीटा काढून दोन बाक आणि एक शेगडी बसवली, आरटीओच्या पायऱ्या झिजवून कागदपत्रं केली. इथवर घरात कोणी चकार शब्द काढला नाही. पेटलं ते फ्रिजवरून.

वहिनींचं म्हणणं, मे महिन्यात कोकणात जायचं तर दूध, दही आणि ताक बरोबर असल्याशिवाय त्या गाडीत पाय ठेवणार नाहीत. माझ्या बायकोला मासे हवे होते. ओजसला, म्हणजे दादाच्या नातवाला, गार पाणी हवं होतं, तेही बाटलीला बाहेरून घाम फुटलेलं. मला काय हवं ते कोणी विचारलं नाही, आणि वहिनींसमोर ते सांगण्यासारखंही नव्हतं.

"घरातलाच जुना फ्रिज टाकू की गाडीत," मी म्हणालो.

दादाने जन्मभर लोकांची बिलं काढली होती. त्याने खिशातून पेन काढलं. घरचा एका दाराचा फ्रिज वर्षाला दीड-दोनशे युनिट खातो, म्हणजे दिवसाला साधारण अर्धं. गाडीत १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची जादा बॅटरी बसवली, तर कागदावर १२०० वॅट-तास मिळतात. पण शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, नाहीतर ती लवकर राम म्हणते. उरले ६००. त्यातले ५०० फ्रिजने खाल्ले की पंखा आणि दिव्यांनी उपास करायचा. वर इन्व्हर्टर मधल्या मध्ये आपला हात मारून घेतो तो वेगळाच. "आणि उभ्या फ्रिजचं दार उघडलं की गार हवा जड म्हणून खाली पायावर ओतली जाते. ताम्हिणी घाटाच्या वळणावर उघडलं तर हवेबरोबर अंडीही," दादा म्हणाला आणि पेनाचं टोपण लावलं.

मग शेजाऱ्यांनी त्यांचा 'कार फ्रिज' आणून दिला. पाटाएवढा खोका, गाडीच्या लायटरच्या सॉकेटात पिन खोचायची की झालं. ही कल्पना जुनी आहे. १८३४ साली झाँ पेल्तिए या फ्रेंच गृहस्थाने दाखवून दिलं की दोन वेगळ्या धातूंच्या जोडांतून वीज सोडली, तर एक जोड गार पडतो आणि दुसरा तापतो. ना कॉम्प्रेसर, ना गॅस, नुसता एक पंखा घरघरतो. अडचण अशी की बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंश खाली गेलं की याचा दम संपतो. उन्हात उभ्या गाडीत ४० अंश झाले, तर आत वीस-पंचवीस, म्हणजे महाबळेश्वर. महाबळेश्वरला माणसं छान राहतात, दूध राहत नाही. शिवाय हा खोका मिनिटभरही न थांबता चार-पाच अँपिअर ओढतो. दिवसाचं सव्वा युनिट! घरातल्या फ्रिजच्या दुपटीहून जास्त, आणि मावतं काय तर दोन बाटल्या आणि एक डबा.

तरी वहिनींच्या आग्रहावरून आम्ही तो मुळशीपर्यंत नेऊन पाहिला. या खोक्यात विजेची दिशा उलटी केली की गार बाजू गरम होते, आणि त्यासाठी कंपनीने बाहेर एक बटण ठेवलेलं असतं. एकीकडे हिरवा दिवा, एकीकडे लाल. ओजसला लाल आवडतो. तलावाकाठी सतरंजी अंथरली, पुऱ्या वाढल्या, झाकण उघडलं, तर आम्रखंडाचं पियुष झालेलं. वहिनींनी ते न बोलता पेल्यांतून दिलं. न बोलता दिलं म्हणजे खोका संध्याकाळी परत जाणार, हे दादाला कळलं.

दादाचा पुढचा उमेदवार परदेशी होता. तिकडच्या कॅराव्हॅनमध्ये गॅसवर चालणारे फ्रिज असतात. खाली ज्योत, वर बर्फ. १९२२ साली स्टॉकहोममधल्या फोन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही युक्ती काढली. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन नळ्यांमधून फिरतात, हलणारा भाग एकही नाही, त्यामुळे आवाजही नाही. "आइनस्टाइनने सुद्धा फ्रिजवर डोकं चालवलं होतं. १९३० सालचं अमेरिकन पेटंट आहे," दादा म्हणाला.

"त्यांच्याकडे दही राहायचं का?" वहिनींनी विचारलं.

गॅसचा बेत दह्यामुळे नव्हे, रस्त्यामुळे बारगळला. त्या नळ्यांमधला द्रव आपल्या वजनानेच वाहतो, त्यामुळे गाडी सपाटीवर उभी लागते. कोकणातल्या वाडीत सपाटी शोधायची तर कोणाचं तरी अंगण गाठावं लागतं. त्यातून झोपायच्या जागेत पेटती ज्योत, हे काही कोणाला पटेना.

शेवटी आला तो १२ व्होल्टवर थेट चालणारा, ४० लिटरचा, कॉम्प्रेसरवाला. पेटीसारखं झाकण वर उघडतं, त्यामुळे गार हवा आत तळाशी बसून राहते. चालू असताना पन्नासेक वॅट ओढतो, पण आतला आकडा गाठला की गप्प बसतो. घाटात कलला तरी त्याला काही वाटत नाही, आणि बॅटरी उतरायला लागली की आपणहून बंद होतो. किंमत ऐकून वहिनी म्हणाल्या, "अहो, एवढ्यात घरी दोन दारांचा येतो."

"त्याला चाकं नसतात," दादा म्हणाला.

ताम्हिणीत शिरलो आणि फ्रिज चिरकला. पडद्यावर चूक दाखवून बंद. बॅटरी संपली, असं त्याचं म्हणणं. दादाने गाडी वडापावच्या टपरीपाशी घेतली आणि मल्टिमीटर काढला. बॅटरीवर टोकं टेकवली, १२.६. ठणठणीत. मागे जाऊन फ्रिजच्या सॉकेटात टोकं खुपसली आणि मला म्हणाला, "तू चालू कर." कॉम्प्रेसरने घुर्र केलं, आणि आकडा १२.६ वरून ११.४, ११.१ असा घसरत गेला. पुन्हा चिरका. टपरीवाला वडे तळायचं सोडून बघायला आला. इलेक्ट्रिशियनने दिव्यांसाठी आणलेली बारीक वायरच मागपर्यंत ओढली होती. घरच्या २३० व्होल्टवर पन्नास वॅटना पाव अँपिअरही लागत नाही, बारा व्होल्टवर चारच्या वर लागतात, आणि ते सुतळीएवढ्या वायरीतून नेताना व्होल्टेज वाटेतच सांडतं. माणगावात जाड तांब्याची वायर घेतली, बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज टाकला, आणि फ्रिजचा गैरसमज दूर झाला. माझ्या मते फ्रिजच्या जाहिरातीत लिटरच्या आधी वायरीची जाडी छापली पाहिजे.

दिवेआगरला नवी पंचाईत. टपावर १०० वॅटचं सोलर पॅनेल होतं. गाडी उन्हात लावली तर पॅनेल खूश, पण आत भट्टी, आणि फ्रिज धापा टाकत सगळी कमाई उडवतो. सुरूच्या बनात लावली तर फ्रिज शांत, माणसं शांत, आणि पॅनेल झोपलेलं. दादा दर तासाला गाडी दहा फूट पुढे-मागे करत होता. बनात चटया टाकून पहुडलेली एक मुंबईची मंडळी प्रत्येक वेळी उठून चटया सरकवत होती. शेवटी त्यांनी विचारलं, "काका, पार्किंग शिकताय का?"

एवढं करूनही बॅटरीचा आकडा खाली. मग दादाने पाळत ठेवली आणि गुन्हेगार घरातच सापडले. वहिनी उकळलेलं दूध कोमट असतानाच आत ठेवत होत्या. ओजस पाणी गार झालं का ते बघायला झाकण उघडत होता, आणि उघडल्यामुळे ते होत नव्हतं. "हा फ्रिज गार करायला नाही, गार ठेवायला आहे!" दादा ओरडला आणि जाऊन झाकणावर बसला. बागमांडल्याला गाडीसकट फेरीबोटीत चढून सावित्री ओलांडली, तेव्हा आम्ही सगळे कठड्याशी वारा खात होतो आणि दादा आत फ्रिजवर बसून होता. त्यानंतर ताक हवं असलं की आधी दादाला उठवावं लागे, आणि त्याचे गुडघे दुखत असल्यामुळे विजेची खरोखर बचत झाली.

हर्णैला संध्याकाळी किनाऱ्यावर लिलाव चालू होता. बायकोने सुरमई घेतली आणि गाडीकडे वळली. वहिनी फ्रिजपुढे उभ्या. "भावजी, माझ्या दह्याशेजारी ते येणार असेल, तर मी एसटीने जाते." सुरमई थर्माकोलच्या खोक्यात गेली. खाली फोडलेला बर्फ, वर बर्फ, बुडाला पाणी जायला भोक. वीज शून्य. सकाळी खोलून पाहिलं तर बर्फ शिल्लक होता. दादाने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

गुहागरला ज्यांच्याकडे उतरलो त्या आजींनी गाडीत डोकावून विचारलं, "हा फ्रिज चालतो?" दादाने वॅटपासून सुरुवात केली. आजींनी मान डोलावली, आत गेल्या, आणि डीप फ्रीझरमधून दगड झालेले आमरसाचे डबे आणि ओल्या काजूगरांच्या पिशव्या घेऊन आल्या. "कोथरूडला आमचा मुलगा असतो. तुमच्या वाटेवरच आहे." कोकणातून पुण्याला जाणाऱ्या कुठल्याही गाडीच्या वाटेवर कोथरूड असतंच. नाही म्हणणार कोण? ताक बाहेर आलं, पाणी बाहेर आलं, दह्यासाठी तेवढा एक कोपरा वहिनींनी राखला.

चिपळूण सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलो तरी कॉम्प्रेसरचा आवाज नाही. दादा घाबरून आकडा बघायला गेला. आत ३ अंश, बॅटरी जवळपास भरलेली. गोठलेले डबेच सगळ्याला गार ठेवत होते आणि कॉम्प्रेसरला काही काम उरलं नव्हतं. दादा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. मग त्याने फोन काढला आणि गुहागरला लावला.

"आजी, अजून काही द्यायचं होतं का पुण्याला? नाही, नाही, त्रास कसला! आम्ही पुढच्या आठवड्यात परत येतोय. फक्त नीट गोठवून ठेवा."