कंपनीचे वकील व्हा! (खेड-लोटे आवृत्ती)

एलएलबी झालात, सनद मिळाली, खेडच्या कोर्टात सिनियरच्या मागे फायली वागवत दोन पावसाळे काढलेत. तेवढ्यात लोटे परशुरामच्या एखाद्या केमिकल कंपनीत ‘लीगल ऑफिसर’ची जागा निघाली. पगार ठरल्या तारखेला, भरणे नाक्यावरून कंपनीची बस, दुपारी कँटीनचं जेवण. अशा उमेदवारांसाठी ही मार्गदर्शिका आहे. खेड म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलं. पुण्याच्या खेडवाल्यांनी चाकणची आवृत्ती वेगळी मागवावी; तिथे मोटारी बनतात, वकिलाला वासावर मत द्यावं लागत नाही.

पायरी १ : सनद कपाटात ठेवा

वकील म्हणून नोकरी लागली की पहिलं काम म्हणजे वकिली सोडणं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या ४९व्या नियमानुसार पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही. नोकरी धरल्याचं बार कौन्सिलला कळवायचं आणि प्रॅक्टिस थांबवायची. ‘पण कोर्टात उभं राहणं हाच माझ्या नोकरीचा भाग आहे’ हा मुद्दा सुचला असेल, तर तो वापरून झालेला आहे. हिमाचल प्रदेश वीज मंडळाचे एक कायदा अधिकारी तो घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००१ मध्ये हरून परतले.

बार कौन्सिलला कळवणं सोपं, घरी कळवणं कठीण. कोकणात प्रत्येक घराचा एक तरी दावा चालू असतो, आणि घरातल्या मुलाला वकील करण्यामागे त्या दाव्याचा हिशेब असतो.

“मग सामायिक बागेची केस आता तू घेणार ना?” काका विचारतील.

“काका, मला आता कोर्टात उभं राहता येणार नाही.”

“का रे? काय केलंस?”

इथे नियम ४९ समजावत बसू नये. चहा घ्यावा.

पायरी २ : आपली खुर्ची कुठे आहे ते पाहा

जुन्या कंपन्यांत लीगलची खुर्ची अ‍ॅडमिन आणि स्टोअर यांच्या मधल्या खोलीत असे. नोटीस आली की शिपाई यायचा, ‘साहेबांनी फाईल घेऊन बोलावलंय.’ उत्तराचा मसुदा करायचा, बाहेरच्या वकिलाकडे वकालतनामा पोचवायचा, तारीख डायरीत टिपायची. जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. तुम्ही फक्त ते सभ्य भाषेत मांडायचं.

ती खुर्ची पुढे संचालकांच्या केबिनकडे सरकली. संचालकांना कायद्याची गोडी लागली म्हणून नव्हे. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ झालं, बरोबर वर्षभराने दिल्लीतल्या श्रीराम कारखान्यात ओलियम वायू गळला, आणि दोन-तीन वर्षांत कायद्याचा नूर पालटला. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याच वर्षी एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, घातक धंदा करणाऱ्याला ‘आम्ही पुरेशी काळजी घेतली होती’ म्हणून सुटता येणार नाही. १९८७ च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यातला ‘भोगवटादार’ कंपनीचा संचालकच ठरला. १९९६ मध्ये जे. के. इंडस्ट्रीजच्या निकालाने हेही पक्कं झालं की, त्या जागी एखाद्या मॅनेजरला उभं करून भागणार नाही. लोट्यात व्हॉल्व्ह गळला तर समन्स मुंबईच्या ऑफिसात पोचू शकतं, हे उमगल्यावर वकिलाला आधी विचारायची पद्धत पडली.

निदान तसं परिपत्रक निघालं. प्रत्यक्षात तुम्हाला विचारतात शुक्रवारी संध्याकाळी, बस सुटायला दहा मिनिटं असताना. ‘फक्त फॉर्मॅलिटी आहे, एक नजर टाका.’ हे वाक्य ऐकलं की खाली बसावं आणि बस जाऊ द्यावी.

पायरी ३ : करार वाचा, शेवटची परिशिष्टंसुद्धा

सरावासाठी लांब जायला नको. खेडची जगबुडी वाशिष्ठीला मिळते, वाशिष्ठीची दाभोळ खाडी होते, आणि खाडीच्या मुखाशी, गुहागर तालुक्यात, एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प उभा राहिला. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने त्याच्याशी वीजखरेदीचा करार केला. वीज घ्या वा न घ्या, क्षमतेचे पैसे द्यायचेच, अशी त्याची बांधणी होती. इंधनाचा आणि डॉलरचा भाव वाढला की बोजा वीज घेणाऱ्यावर. वर राज्याची हमी, त्याच्यावर केंद्राची प्रतिहमी. राज्यातल्या नव्या सरकारने ऑगस्ट १९९५ मध्ये करार रद्द केला, तर कंपनी लंडनला लवादात गेली. १९९६ मध्ये वाटाघाटी होऊन तो पुन्हा उभा राहिला. २००१ च्या मे महिन्यात प्रकल्प बंद पडला आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉननेच दिवाळं काढलं.

या काळात एन्रॉनवर गावोगावी भाषणं झाली. देशभक्ती, डॉलर, परकी भांडवल, सगळ्यांवर झाली. करारातल्या पैसे देण्याच्या कलमावर सगळ्यात कमी झाली, आणि वीज मंडळाच्या तिजोरीला भोक पडलं ते तिथून. नवशिक्याने हे ध्यानात ठेवावं: सभेत टाळ्या पडतात ते कलम निराळं आणि बिल येतं ते कलम निराळं.

याच गोष्टीचा तुमच्या खुर्चीशी आणखी जवळचा संबंध आहे. एन्रॉन बुडाल्यावर ‘तिथले वकील काय करत होते?’ हा प्रश्न अमेरिकेत विचारला गेला. २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याच्या ३०७ व्या कलमाने त्याचं उत्तर दिलं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या वकिलाला गंभीर गैरप्रकाराचा पुरावा दिसला, तर त्याने मुख्य कायदा अधिकाऱ्याला किंवा सीईओला कळवायचं. तिथे दाद लागली नाही तर थेट संचालक मंडळापर्यंत जायचं. म्हणजे वकिलाचा अशील समोर बसलेले साहेब नव्हेत, कंपनी आहे. जगभरच्या कंपनी-वकिलांचं काम ज्या दिवाळखोरीने बदललं, तिचं एक धुरांडं आपल्याच खाडीच्या तोंडावर आहे. आपल्याकडे वकिलावर असं कायदेशीर बंधन नाही. त्यामुळे साहेब आणि कंपनी यांतला फरक तुम्हाला स्वतःच्या हिमतीवर करावा लागतो, तोही इन्क्रिमेंटच्या आधी.

पायरी ४ : जुलै महिना

परदेशी पुरवठादाराच्या करारात ‘फोर्स मेजर’ नावाचं कलम असतं. त्यात हिमवादळ असतं, ज्वालामुखी असतो, एखाद्या जुन्या मसुद्यात राजाच्या शत्रूंनी केलेली आगळीकही असते. जगबुडी नसते. जगबुडीने धोक्याची पातळी ओलांडली, पुलावरची वाहतूक थांबली, परशुराम घाटात दरड आली की डिस्पॅचवाले धावत तुमच्याकडे येतील: ‘माल अडकलाय, ते दैवी आपत्तीचं पत्र टाका ना!’

पत्र टाकण्याआधी थांबा. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ किंवा २२ जुलै २०२१ चा खेड-चिपळूणचा महापूर यांच्यासाठी असं पत्र शोभतं. पण दर जुलैला येणारं पाणी अनपेक्षित होतं, असं कुठल्या तोंडाने म्हणणार? समोरचा वकील गेल्या वर्षीचं तुमचंच पत्र काढून दाखवेल. शिवाय काम महाग पडलं म्हणून करारातून सुटता येत नाही. इंडोनेशियातला कोळसा महागल्याची सबब घेऊन वीज कंपन्या गेल्या होत्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती नाकारली.

म्हणून एप्रिलमध्येच डिस्पॅचच्या क्लार्कजवळ जाऊन बसा. पावसाळ्यात कुठला रस्ता आधी बंद होतो, टँकर कुठे उभे करतात, गोदामात किती दिवसांचा माल मावतो, हे त्याला तोंडपाठ असतं. ते करारात घाला. कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात हे प्रकरण नाही, आणि माझ्या मते या नोकरीतलं निम्मं शहाणपण त्या क्लार्ककडेच असतं.

पायरी ५ : खाडीचं पत्र आलं तर

खाडीत मासे मेले की भोई समाजाची मंडळी निवेदन घेऊन येतात. लोट्याच्या सामायिक प्रक्रिया केंद्रातलं पाणी दाभोळ खाडीकडेच जातं, तेव्हा ती आणखी कोणाकडे जाणार? जुन्या पद्धतीच्या उत्तराचा नमुना प्रत्येक फाईलमध्ये सापडेल: ‘सदर आरोप निराधार, खोडसाळ व आकसाने प्रेरित असून आमचे अशील ते साफ नाकारीत आहेत.’ वाचायला झोकदार आहे. पण २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सतरा प्रकारच्या प्रदूषणकारी उद्योगांना सांडपाण्यावर ऑनलाइन मीटर बसवायला लावले. मासे मेले त्या रात्रीचा आकडा तुमच्याआधी मंडळाच्या सर्व्हरवर पोचलेला असतो. तेव्हा ‘निराधार’ टाइप करण्यापूर्वी गमबूट घालून ईटीपीवर (सांडपाणी प्रक्रिया संयंत्रावर) जा, लॉगबुक बघा, रात्रपाळीच्या ऑपरेटरशी बोला. तो पहिल्यांदा काहीच सांगणार नाही. दुसऱ्यांदा सांगेल.

आणि निवेदन घेऊन आलेल्यांना गेटवर उभं ठेवू नका. त्यांच्यात तुमच्या शाळेतला एखादा वर्गमित्र असणार. प्रकरण पुढे गेलंच, तर पुण्याला हरित न्यायाधिकरणाच्या पश्चिम विभागीय पीठापुढे तो एका बाकावर आणि तुम्ही दुसऱ्या बाकावर असाल. परतीची एसटी एकच.

पायरी ६ : लिहावं की न लिहावं (हे पान फाडून ठेवा)

वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं गोपनीय, हे तुम्ही पहिल्या वर्षी शिकलात. मुंबई उच्च न्यायालयाने विजय मेटल वर्क्सच्या जुन्या निकालात पगारी कायदा सल्लागारालाही ते संरक्षण दिलं होतं, त्यावर कंपनी-वकिलांच्या दोन पिढ्या निवांत झोपल्या. ३१ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जागं केलं. त्या निकालानुसार नोकरीतला वकील कोर्टात वकिली करत नाही, म्हणून भारतीय साक्ष अधिनियमाच्या १३२ व्या कलमाचा विशेषाधिकार त्याला नाही. कंपनीच्या बाहेरच्या वकिलाशी त्याने केलेल्या पत्रव्यवहाराला १३४ व्या कलमाचं कवच आहे. पण मालक आणि त्याचा नोकर-वकील यांच्यातल्या बोलण्याला ते मागता येत नाही.

आता गंमत बघा. खेडच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेल्या तुमच्या वकील मित्राला तुम्ही कंपनीच्या कामाचं पत्र लिहिलंत तर ते सुरक्षित. तेच वरच्या मजल्यावरच्या साहेबांना लिहिलंत तर उद्या कोणी कोर्टात मोठ्याने वाचून दाखवू शकतं.

मग तोंडी सांगावं? तोंडी सांगितलंत आणि काही घडलं, तर प्लांट हेड शांतपणे म्हणतील, ‘लीगलने आम्हाला काही सांगितलंच नव्हतं.’ लेखी सांगितलंत तर तोच कागद फिर्यादीच्या वकिलाच्या हाती. यावर अनुभवी लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे ‘काल बोलल्याप्रमाणे’ या दोन शब्दांनी सुरू होणारा दोन ओळींचा मेल. काय बोललो ते त्यात नसतं. बोललो, एवढंच असतं. मला हा तोडगा फारसा पसंत नाही. टाकी फुटू शकते असं दिसत असेल, तर स्पष्ट लिहावं, तारीख घालावी आणि खाली सही करावी. कोर्टात वाचलं गेलं तर गेलं.

पायरी ७ : इतर किरकोळ

हायकोर्टाच्या कामाला पूर्वी खेड स्टेशनवरून मुंबईची गाडी धरायची. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी जिल्हा तिकडे गेला, म्हणजे आता चिपळूण, कुंभार्ली घाट आणि कराड. बाजू बाहेरचे वकील मांडतील. तुम्ही मागच्या बाकावरून चिठ्ठ्या पुढे सरकवायच्या.

२१ नोव्हेंबर २०२५ ला एकोणतीस कामगार कायद्यांच्या चार संहिता लागू झाल्या. त्यावर एचआरच्या मॅडम विचारतील, ‘म्हणजे आता तुमचं काम चार एकोणतिसांश झालं ना?’ हसावं. गेटवर कंत्राटी कामगारांचे अंगठे घेणारं मशीन डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतं, तेही तुमच्याकडे. लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती, सीएसआरमधून शाळेला दिलेल्या बाकांचा करार, लघुउद्योगांची बिलं पंचेचाळीस दिवसांत गेली का, हेही तुमच्याकडेच. दारावरची पाटी मात्र ‘लीगल’ एवढीच राहील. मोठ्या पाटीला बजेट नाही.

पायरी ८ : वार्षिक मूल्यमापन

मार्चमध्ये फॉर्म येतो. मार्केटिंगवाले किती माल विकला ते लिहितात, उत्पादनवाले किती टन काढला ते लिहितात. तुमच्या रकान्यात काय लिहिणार? जी गळती झाली नाही, जो करार सही न होता परत गेला, जो खटला उभाच राहिला नाही, त्यांची पावती कोणी देत नाही. आणि ‘यंदा एकही नोटीस नाही’ असं अभिमानाने लिहिलंत, तर पुढच्या बैठकीत कोणीतरी विचारेलच की मग या खात्याला दोन माणसं कशाला? त्यासाठी एखादी साधी, निरुपद्रवी नोटीस, वजनमाप खात्याची असली तर उत्तम, फेब्रुवारीपासून जपून ठेवावी आणि तिला झणझणीत उत्तर ३१ मार्चच्या आत द्यावं.