पोच घेऊनच ये

देवचंद कॉलेज निपाणीचं, असं आपण सगळेच म्हणतो. प्रत्यक्षात ते आहे अर्जुननगरला, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. पत्त्यात फक्त 'व्हाया निपाणी'. ते शिवाजी विद्यापीठाचं. खुद्द निपाणीतलं, म्हणजे कर्नाटकातलं, बागेवाडी कॉलेज बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचं. दोन्हीकडची पोरं एकाच गल्लीत राहतात, एकाच गाड्यावर चहा पितात. पण मधल्या वर्षी इकडून तिकडं जायचं म्हटलं, की टी.सी., मायग्रेशन, पात्रता, समकक्षता असे चार कागद आणि दोन सरकारं आडवी येतात.

परवा शेजारची मुलगी गुणपत्रिकांचं फोल्डर घेऊन आली. बी.एस्सी.ची. दहावीपर्यंत मराठी शाळा, पीयूसीपासून एकदम इंग्रजी. पहिल्या सेमिस्टरला रसायनशास्त्र राहिलं. दुसऱ्याला कसेबसे ४९ टक्के, तिसऱ्याला ६६. त्या जोरावर तिनं महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाकडं तिसऱ्या वर्षासाठी अर्ज केला. उत्तर एका ओळीचं आलं: अर्ज विचारात घेता येत नाही. महिन्याभरात चौथ्या सेमिस्टरचा निकाल लागला. ७९ टक्के, आणि राहिलेलं रसायनशास्त्रही सुटलं.

"काका, आता काय उपयोग? सगळे म्हणतात, पुढच्या वर्षी बघ."

पुढच्या वर्षी बघ म्हणणाऱ्यांच्या घरी विड्या वळायला कोणी बसत नाही. हिची आई रोज बसते.

मी तिला सांगितलं, अपील कर, आजच कर. आणि पहिली मागणी गुणांची करू नकोस, कारणाची कर. नकार कशासाठी? गुण कमी म्हणून, जागा नाही म्हणून, की अभ्यासक्रम जुळत नाही म्हणून? तिन्हींना उत्तरं वेगळी लागतात. गुणांचा प्रश्न असेल तर नवी गुणपत्रिका जोड. अभ्यासक्रमाचा असेल तर प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्यानिशी लाव. पहिलं वर्ष का घसरलं ते तीन ओळींत लिही, रडगाणं नको. आणि प्रवेश हातात पडेपर्यंत इथली टी.सी. काढू नकोस, नाहीतर इकडचंही जातं.

अभ्यासक्रम जुळत नाही, हे कारण तर पोरांच्या माथी सरकारांनीच मारलंय. नवं शैक्षणिक धोरण देशात सगळ्यांत आधी कर्नाटकानं २०२१ मध्ये लागू केलं, चार वर्षांची ऑनर्स पदवी आणली. २०२४ मध्ये सरकारनं ती मोडून पुन्हा तीन वर्षांची पदवी केली. त्याच २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रातली संलग्न कॉलेजं नव्या धोरणात शिरली. दोन राज्यं एकाच वर्षी उलट्या दिशांना चालली आणि मधे निपाणी, चिकोडी, खानापूरची पोरं सापडली. २०२१ पासून शैक्षणिक क्रेडिटची बँकही आहे. खात्यात क्रेडिट जमा होतं, पण ते वटवायचं की नाही हे समोरचं विद्यापीठ ठरवतं.

महाराष्ट्र सीमाभागातल्या ८६५ गावांवर हक्क सांगतो. इंजिनीअरिंगच्या प्रवेशफेरीत सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळा 'ई' प्रकार आहे. ही सोय चांगली आहे आणि तिचा अनेक घरांना आधार झाला. पण बी.एस्सी.च्या मधल्या वर्षी दार ठोठावणाऱ्या या मुलीला तिचा काही उपयोग नाही. ती त्याच ८६५ गावांतली आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या विद्यापीठांनी एकदा शेजारी बसावं आणि कुठला पेपर कुठल्या पेपरला चालतो याचा तक्ता करून जाहीर लावावा. सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून आहे. हा तक्ता करायला कोर्टाची गरज नाही.

तोवर हातात आहे ते वापरायचं. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल असावाच लागतो. तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत समितीनं अहवाल द्यायचा. तो पटला नाही तर १५ दिवसांत लोकपालाकडं जाता येतं. जाहीर प्रवेशनियम डावलून नकार दिला असेल, तर ही तक्रार तिथं बसते. नुसते गुण वाढले म्हणून प्रवेश मिळतोच असं नाही, हेही मी तिला स्पष्ट सांगितलं. खोटी आशा लावून तिला बसभाडं घालायला लावणं मला जमणार नाही.

रात्री बसून तिनं अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला, मराठीत, दीड पान. पहिल्या सेमिस्टरची गुणपत्रिका तिनं सगळ्यात खाली ठेवली होती. ती मी काढून वर ठेवायला लावली. राहिलेल्या रसायनशास्त्रापासून ७९ टक्क्यांपर्यंत कशी आली, ते वाचणाऱ्याला ओळीनं दिसू दे.

सोमवारी सकाळच्या गाडीनं ती निघतेय. अर्जाच्या दोन प्रती आहेत. एक आवक खिडकीत द्यायची, दुसरीवर तारीख, आवक क्रमांक आणि शिक्का. खिडकीवरचा माणूस म्हणेल, ठेवून जा. ठेवून यायचं नाही.