कर्णावर वाद कसा घालावा

वाद घालायला कर्णाइतका सोयीचा विषय मराठी माणसाला दुसरा नाही. राजकारणावर बोललं तर शेजारी दुखावतो, जमिनीवर बोललं तर सख्खा भाऊ. कर्णावर बोललं तर फार तर अर्जुन दुखावेल, आणि तो काही भांडायला दारात येत नाही. शिवाय हा वाद कुठंही चालतो. लग्नातल्या पंगतीत कुणीतरी ‘कर्णावर अन्यायच झाला हो’ एवढं म्हणायचा अवकाश, मठ्ठा येईपर्यंत दोन तट पडलेले असतात. पडत नाहीत ते फक्त नवशिक्यांमुळे. त्यांच्यासाठी ही थोडी शिकवणी.

सुरुवात बाजू निवडण्यापासून करावी. त्यासाठी महाभारत वाचावं लागतं हा गैरसमज आहे. भक्त व्हायचं असेल तर शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ पुरतं. कोल्हापुरात शाळामास्तर असलेल्या, तिशीही न ओलांडलेल्या सावंतांची ही कादंबरी १९६७ साली आली. तीत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण आळीपाळीने बोलतात. मुख्य पक्षकार स्वतः साक्षीला उभा राहिल्यावर वाचक त्याच्या बाजूला झुकणार, यात नवल ते काय! भक्ताने एक मात्र सांभाळावं. वृषालीचं नाव महाभारतातला पुरावा म्हणून पुढं करू नये. व्यासांनी कर्णाच्या बायकोचं नाव सांगितलेलं नाही.

विरोधी बाकावर बसायचं असेल तर इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ काखेत मारावं. तेही १९६७चंच, आणि पुढल्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकाच वर्षी भक्तांना ग्रंथ मिळाला आणि विरोधकांनाही; मराठी घरांतल्या पुढल्या अर्धशतकाच्या भांडणाची तरतूद याहून चोख कुणी केली नसती.

आता दाखले. इथं खरी गंमत आहे, कारण दोन्ही पक्षांना जे प्रसंग तोंडपाठ असतात त्यांतले बरेच मूळ संहितेत सापडत नाहीत. स्वयंवराचंच घ्या. कर्ण धनुष्य उचलतो, द्रौपदी भर सभेत ‘मी सूताला वरणार नाही’ म्हणते, कर्ण मान खाली घालून परततो. भक्तांचा सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा असतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने देशभरातल्या हस्तलिखितांचे पाठ ताडून महाभारताची संशोधित आवृत्ती तयार केली. १९१९ साली सुरू झालेलं हे काम १९६६ साली पुरं झालं. त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत हा नकार नाही, तो प्रक्षिप्त ठरून तळटिपेत गेला. उलट ब्राह्मणवेषातला अर्जुन पुढं सरसावतो तेव्हा भोवतालचे ब्राह्मण कुजबुजतात, की कर्ण-शल्यांसारख्या बलवंतांना जे वाकलं नाही ते या पोराला कसं वाकणार? म्हणजे नकार द्यायची वेळच आली नव्हती. हा दाखला विरोधकाने शेवटपर्यंत राखून ठेवावा आणि समोरच्याच्या घशात घास नसताना काढावा.

भक्त यावर हमखास द्रोणांकडे वळतो: ‘सूतपुत्र म्हणून त्यांनी त्याला शिकवलंच नाही!’ शिकवलं. आदिपर्वात द्रोणांकडे आलेल्या शिष्यांत राधेय आहे. त्याला नाकारलं गेलं ते ब्रह्मास्त्र, आणि ती हकीगत येते थेट शांतिपर्वात, कर्ण मेल्यावर, नारदाच्या तोंडून. मयसभेत द्रौपदीच्या तोंडी घातल्या जाणाऱ्या ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ या वाक्याचंही तेच. दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा भीम, अर्जुन आणि जुळे भाऊ हसतात. द्रौपदी हसली हे दुर्योधन नंतर बापाकडे गाऱ्हाणं घालताना सांगतो, आणि ते वाक्य त्याच्याही तोंडी नाही. पण १९८८ साली सुरू झालेली बी. आर. चोप्रांची मालिका ज्यांनी पाहिली, आणि २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनवर पुन्हा पाहिली, त्यांना हे पटवण्याच्या फंदात पडू नये. ते म्हणतील, ‘आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.’

भक्ताने एवढ्यावर हातपाय गाळू नयेत. द्यूतसभेत पांडवांची आणि द्रौपदीची वस्त्रं काढून घे, असं दुःशासनाला सांगणारा कर्णच, हे नाकारण्यात अर्थ नाही. तो प्रसंग तळटिपेत गेलेला नाही. गंधर्वांपुढून तो पळाला, विराटाच्या गाई पळवताना एकट्या अर्जुनाकडून हरला, हेही मुकाट मान्य करावं. मग उद्योगपर्व उघडावं. तिथं कृष्ण त्याला जन्माचं रहस्य सांगून राज्य देऊ करतो. कर्ण म्हणतो, हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस. कळलं तर तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. पांडवांना जे कडू बोललो त्याचा मला पश्चात्ताप होतो, हेही तो तिथंच सांगतो. भक्तांना कर्णासाठी एवढं रडायचं असतं, आणि रडण्याजोगी ही जागा सोडून ते तळटिपेतल्या स्वयंवरापाशी हुंदके देत बसतात, याला काय म्हणावं?

दोन्ही पक्ष पोथ्यांवर आले की तिसऱ्याने ‘जांभूळ आख्यान’ काढावं. विठ्ठल उमपांनी गाजवलेल्या या आख्यानात पाच नवऱ्यांची द्रौपदी मनातल्या कर्णाची कबुली देते. हे व्यासांनी लिहिलेलं नाही आणि कुठल्या हस्तलिखितात शोधूही नये. लोकांनी ते आपलं म्हणून रचलं आणि गायलं. त्यावर ‘खोटं आहे’ असं ओरडणाऱ्याला वाद समजलेलाच नाही.

कारण भर घालायला कुणाचीच ना नाही. कर्वेबाईंनीही द्रौपदीच्या अखेरच्या क्षणी भीमाशी झालेलं बोलणं स्वतः रचलं. फक्त इथून पुढलं माझं, असं आधी सांगून टाकलं. वादाला बसणाऱ्याने एवढी एक शिस्त पाळावी: पहिल्या वाक्यातच आपला कर्ण सावंतांचा, चोप्रांचा, उमपांचा की व्यासांचा, ते जाहीर करावं. व्यासांचा म्हणणाऱ्याला पर्वाचं नाव विचारावं. ते सांगता आलं नाही, तर मठ्ठा वाढायला त्यालाच उठवावं.